एकाच पेटीतल्या चिठ्ठ्या

पहिली पेटी उघडली ती रिकामी निघाली.

ती इंग्रजीच्या कोत्तावार सरांची होती. ते हसले, रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "चला, मी सुटलो." सगळेच हसले, कारण कॉलेजात सर्वांत जास्त टाळ्या त्यांना पडत आणि त्यांच्या पेटीत काही नसणं ही गंमतच वाटली. मग इतिहासाची पेटी उघडली. तीही रिकामी. मग अर्थशास्त्राची, मग संस्कृतची. आता कोणी हसत नव्हतं. माझी पेटी शेवटून दुसरी. गुणवंतरावांनी झाकण ओढलं तर ते निघेना. जोर लावला तेव्हा दाटून बसलेल्या चिठ्ठ्या झाकणाबरोबर वर आल्या आणि टेबलावर सांडल्या. शेवटची पेटी मराठीची होती. ती त्यांनी उघडलीच नाही, नुसती कानाशी धरून हलवून पाहिली.

"बाप्पा," ते म्हणाले, "इतकं एकमत तं माह्या घरात बी होत नाई."

त्यावर कोणाला हसू आलं नाही. प्राचार्य माझ्याकडे पाहत होते. मी जमिनीकडे.

गुणवंतराव आमच्या संस्थेचे अध्यक्ष, सागाबांबूचे ठेकेदार. दोन वर्षांपूर्वी देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा ते एका उमेदवारासाठी गडचिरोलीकडच्या खेड्यांतून फिरले होते. तो उमेदवार हरला, पण मत देण्याची ती रीत त्यांच्या मनात भरली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, मतदाराने एकट्याने पडद्याआड जायचं, हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची, कोणाला काही कळायचं नाही. आपल्या आईच्या नावाने कॉलेजात बक्षीस ठेवायचं त्यांनी ठरवलं तेव्हा त्याला हीच रीत लावली. वर्षातला उत्तम अध्यापक कोण ते विद्यार्थी सांगतील. त्याला शाल, श्रीफळ आणि चांदीचं पदक. टिनवाल्याकडून सहा पेट्या करून आणल्या, प्रत्येकीवर आमची नावं चिकटवली, आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यात जुनं लुगडं बांधून पडदा केला.

कॉलेज म्हणजे चांद्याच्या जटपुरा दरवाजाबाहेरची एक जुनी जिनिंगची इमारत. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. कॉलेजचं तिसरं वर्ष होतं. मुलं बहुतेक खेड्यांतली, कुरखेड्यापासून सिरोंच्यापर्यंतची. मी तर्कशास्त्र शिकवत असे. ब्रह्मपुरीच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून मी इथे एक वर्षाच्या हंगामी नेमणुकीवर आलो होतो. कायम करायचं की नाही हे संस्थेचं मंडळ शुक्रवारी ठरवणार होतं. नाही म्हणाले तर ब्रह्मपुरीची जागा केव्हाच भरली गेली होती, आणि घरी बायकोला, सुगंधाला, सातवा महिना होता.

पेट्या उघडल्या तो त्याच्या आदल्या आठवड्यातला शनिवार. मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या गुरुवारी. सगळे पांगल्यावर प्राचार्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

"नाकाडे, मी सरळ विचारतो. तुम्ही मुलांना काही सांगितलं होतं?"

"नाही, सर."

"गेल्या रविवारी मुलं इथे आवारात चिंचेखाली बसली होती. सुट्टीच्या दिवशी सगळं कॉलेज. तुम्ही त्यांच्या मधोमध उभे होतात. मी याच खिडकीतून पाहिलं."

ते खरं होतं. मी ग्रंथालयात आलो होतो. मुलं गोल करून बसलेली दिसली, संमेलनाच्या नाटकाचं काही चाललं असेल असं वाटलं. त्यांच्यातल्या एकाकडून पुस्तक परत घ्यायचं होतं म्हणून मी जवळ गेलो तेव्हा सगळे एकदम गप्प झाले.

"मी एक पुस्तक परत मागायला गेलो होतो."

"कोणतं पुस्तक?"

मला नाव आठवेना. पुस्तकांची नावं विसरणारा मी माणूस नव्हे, पण त्या वेळी त्याचा मळका हिरवा पुठ्ठा तेवढा डोळ्यांसमोर आला, बाकी काही नाही. प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "बरं. तर्कशास्त्र शिकवता ना तुम्ही? सहा माणसं उभी आहेत आणि सगळी मतं एकालाच पडली. याची कारणं काय संभवतात?"

प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही खोड. मी म्हणालो, "तीन, सर. एक म्हणजे तो खरोखरच सगळ्यांत चांगला असेल. दुसरं, त्याने स्वतः तसं सांगितलं असेल. तिसरं, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी सांगितलं असेल."

"पहिलं आपण दोघंही सोडून देऊ," प्राचार्य म्हणाले. लागेल असं बोलायचं म्हणून ते बोलले नाहीत. हिशेब मांडावा तसं बोलले. आणि मी मान हलवली.

"कोत्तावारांना फार लागलंय," ते पुढे म्हणाले. "सगळ्यांनाच लागलंय. रिकामी पेटी चारचौघांत उघडली जाणं सोपं नाही. सोमवारी चौकशी ठेवली आहे. गुणवंतराव, नानाजी वकील आणि मी. दोनतीन मुलांना बोलावू. तुम्हीही बसा. तुम्हाला मतं का दिली एवढं त्यांनी नीट सांगितलं तर प्रश्नच मिटला."

मी बाहेर आलो आणि सरळ घराकडे निघालो. मुलं काय सांगणार हे मला माहीत होतं.

घरी सुगंधा तांदूळ निवडत बसली होती. माझं तोंड पाहून तिने सूप बाजूला ठेवलं. मी झालं ते सांगितलं.

"म्हणजे सगळ्याइनं तुमालेच निवडलं," ती म्हणाली.

"हो."

"लोकाले मत भेटलं नाई तं रडते. तुमाले भेटलं तं रडून राह्यले."

"तुला कळत नाही. ते विचारतील, सर चांगले काऊन, कशामुळे? मग मुलं सांगतील."

"सांगू द्या नं."

मग मी तिला ती गोष्ट सांगितली, जी कॉलेजात कोणी विचारली नव्हती म्हणून मी कोणाला सांगितली नव्हती. माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. जुलैत मी लिहून आणलेलं वाचून दाखवत असे. "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणत. ऑगस्टमध्ये चाचणी घेतली तेव्हा कळलं की कोणाला काही समजलेलं नाही. दोष मुलांचा असेल असं मला वाटलंच नाही. मी बाकं भिंतीला सरकवायला लावली, सगळ्यांना जवळ गोल बसवलं, आणि एक भाग सांगून झाला की प्रत्येकाने तो आपल्या बोलीत परत सांगायचा असं ठरवलं. वर्गातला लालसू तो जंगलाकडच्या पोरांना गोंडीत सांगे. पोचू सिरोंच्याकडच्यांना तेलुगूत. तिथून तो पुन्हा मराठीत परत आला की कुठे मोडला ते दिसे. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या मुलाला समजेपर्यंत मी पुढे सरकत नसे.

"मग चांगलंच आहे की," सुगंधा म्हणाली.

"चांगलं आहे, पण पुस्तक अर्धंही झालेलं नाही. परीक्षा एप्रिलमध्ये. नागपूर विद्यापीठाचे पेपर काही आमच्यासाठी थांबत नाहीत. प्राचार्यांना वाटतं शेवटची प्रकरणं चालू आहेत."

तिने पुन्हा सूप हातात घेतलं, पण तांदूळ पाखडले नाहीत. म्हणाली, "म्हणजे पोरं खोटं बोलली तं तुमी लबाड ठरता, आनं खरं बोलली तं नोकरी जाते."

तर्कशास्त्राच्या पुस्तकात याला उभयापत्ती म्हणतात. पण तिने एका वाक्यात सांगितलं तितकं नीट मला ते वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

बक्षीसच नाकारलं तर चौकशीचं कारण उरणार नाही, असं मला पहाटे सुचलं. सकाळी मी वसतिगृहावर गेलो. ते एक कौलारू भाड्याचं घर होतं. मुलं पाळीपाळीने स्वयंपाक करत. त्या दिवशी लालसूची पाळी होती आणि तो चुलीपुढे बसून भाताचा अंदाज घेत होता. त्याचं गाव एटापल्लीच्याही आत. त्या भागातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. अंगाने थोराड, बोलायला सावकाश.

"लालसू, मला बक्षीस नको आहे. मी आज तसं लिहून देतो."

त्याने भातावर झाकण ठेवलं. "नाई म्हनता येत नाई, सर."

"का? बक्षीस माझंच ना?"

"नाई. ठरवलं आमी. तुमाले नाई म्हनाचं असंल तं तुमी आमच्यात बसा. सगळ्याइले पटवा. सगळे हो म्हनले का मंग मोडते. एकट्यानं कसं मोडते?"

आतल्या खोलीतून पोचू आला. दातात काडी, खांद्यावर पंचा. "काय म्हणून राह्यले सर?"

"बक्षीस नको म्हनते."

"हे चांगलं आहे," पोचू म्हणाला. "मी आधीच म्हणत होतो कोत्तावार सर. तवा कोनी ऐकलं नाई."

तेव्हा कुठे मला त्या रविवारची हकीकत कळली. प्राचार्यांनी वर्गात येऊन सूचना वाचली होती की विद्यार्थ्यांनी उत्तम अध्यापक निवडायचा आहे. लालसूला ते सरळ वाटलं. त्याच्या गावात काही निवडायचं झालं, पेरणीचा दिवस असो की गावाचा मुख्य माणूस, सगळे बसतात आणि सगळे हो म्हणेपर्यंत उठत नाहीत. हात वर करणं नाही, मोजणं नाही. एक जण जरी नाही म्हणाला तर तो का नाही म्हणतो ते ऐकायचं. त्याने मुलांना चिंचेखाली बसवलं. झाडीपट्टीतल्या पोरांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही, आणि शहरातली चारदोन मुलं गंमत म्हणून बसली ती भूक लागेपर्यंत बसूनच राहिली. मुलीही होत्या. त्यांतली भागीरथा म्हणाली होती की आम्हाला न विचारता ठरलं तर आम्ही ठरलं म्हणणार नाही.

"शेवटी हा एकटा राह्यला," लालसू पोचूकडे बोट दाखवून म्हणाला. "कोत्तावार सर कविता म्हनते तवा अंगावर काटा येते म्हने."

"येते," पोचू म्हणाला. "अजून बी येते."

"मंग मुखरूनं त्याले विचारलं, त्या कवितेत काय आहे सांग. याले सांगता आलं नाई."

"म्हणून काय झालं? काटा तं आला होता."

"पण चिठ्ठ्या," मी म्हणालो, "चिठ्ठ्या तर प्रत्येकाने एकट्याने टाकायच्या होत्या. पडद्याआड."

"टाकल्या नं," लालसू म्हणाला. "सगळ्याइनं एकेकट्यानं टाकल्या. पन ठरल्यावर दुसऱ्याच्या पेटीत काऊन टाकाव? आनं पडदा कायले होता ते आमाले समजलं नाई. चोरी थोडी करून राह्यलो होतो."

"बाकीच्या पेट्या रिकाम्या निघाल्या, लालसू. सगळ्या सरांसमोर उघडल्या."

त्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती हे दिसलं. गावात एकाचं ठरलं म्हणजे बाकीच्यांची रिकामी पेटी कोणी आणून पुढ्यात ठेवत नाही.

"हे खराब झालं," तो म्हणाला.

पोचूने मला चहा आणून दिला. दूध नव्हतं, गूळ पुष्कळ होता. मी पेला हातात धरून बसलो. एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं: उद्या विचारतील तेव्हा अभ्यासक्रमाचं बोलू नका. एवढंच. दुसरं काहीही सांगा, सर प्रेमळ आहेत म्हणा, वेळेवर येतात म्हणा. मुलांनी ऐकलं असतं. पण ते वाक्य बोललो की मी मुलांना सांगितलं हा आरोप खरा होणार होता, आणि खरा झालेला आरोप घेऊन प्राचार्यांसमोर बसण्याची छाती मला नव्हती. न बोलता बसण्याचीही नव्हती. माझा चहा गार झाला. लालसू मधून मधून माझ्याकडे पाहत होता. शेवटी मी पेला खाली ठेवला आणि उठलो.

सोमवारी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मला खिडकीजवळ बसवलं. नानाजी वकील मंडळाचे जुने सभासद, कोर्टात त्यांचा दरारा होता. ते आत आले तेच पान चघळत आणि प्रसन्न. मुलांमधून लालसू, पोचू आणि भागीरथा आली होती. भागीरथा आरमोरीकडची, शेतकऱ्याची मुलगी, बारीक चणीची आणि कोणाला न भिणारी.

लालसूने चिंचेखालची हकीकत सांगितली, मला सांगितली तशीच. गुणवंतराव ऐकता ऐकता हसायला लागले. "म्हणजे मी इकडे पडदा बांधून राह्यलो, आनं तुमी तिकडं झाडाखाली सगळं करून मोकळे."

"चांगली गोष्ट सांगितली," वकील म्हणाले. "फारच चांगली. आता मला एवढंच सांग बाळा, हे ठरल्यापासून तुमचे सर तुम्हाला या विषयावर एकदा तरी भेटले का?"

"भेटले," लालसू म्हणाला. "काल आले होते."

वकिलांनी प्राचार्यांकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

"बक्षीस नको म्हनले. आमी म्हनलं, तसं मोडता येत नाई. मंग बसून राह्यले. त्याइले आनखी काईतरी बोलाचं होतं, पन बोलले नाई. चहा बी नाई पेले."

"काय बोलायचं होतं?"

"ते त्याइलेच माहीत."

वकील माझ्याकडे वळले. घाई न करता. "बोला नाकाडे. काय बोलायचं होतं?"

मी काहीही सांगू शकलो असतो. आभार मानायचे होते म्हणालो असतो तरी भागलं असतं. मला खोटं बोलण्याचा तिटकारा आहे असं नाही. मला ते सुचत नाही, वेळेवर तर मुळीच नाही. मी म्हणालो, "अभ्यासक्रमाचं बोलू नका, असं सांगायचं होतं."

"अभ्यासक्रमाचं काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"मागे आहे, सर."

"किती मागे?"

"अर्धाही झालेला नाही."

प्राचार्य टेबलावरच्या दौतीकडे पाहत बसले. गुणवंतरावांना त्यातलं गांभीर्य कळलं नसावं, पण प्राचार्यांचं तोंड पाहून त्यांनी हसणं थांबवलं. नानाजी वकील पान थुंकायला उठल्यासारखे झाले आणि परत बसले. आपल्याला हवं ते मिळालं की हे काही भलतंच मिळालं, याचा त्यांना उलगडा होत नसावा.

"पन जेवढं झालं तेवढं येते जी," भागीरथा म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. "सगळ्याइले येते. मुखरूले बी येते."

"मुखरू कोण?" गुणवंतरावांनी विचारलं.

"आहे एक," पोचू म्हणाला. "सगळ्यात शेवटी त्याले समजते. त्याले समजलं म्हणजे मग आमी उठतो."

"आणि इतर विषयांत?" प्राचार्यांनी विचारलं.

पोचूने लालसूकडे पाहिलं. लालसू म्हणाला, "बाकी सराइले आमाले दुखवाचं नवतं, सर. ते आमचं चुकलं. आमी कोत्तावार सरांकडं जाऊन सांगनार आहो."

"मी ते विचारलं नाही," प्राचार्य म्हणाले, पण पुन्हा विचारलंही नाही. त्यांनी मुलांना जायला सांगितलं. मग मला म्हणाले, "प्रचाराचा मुद्दा माझ्यापुरता संपला. पण आता दुसरा निघाला आहे आणि तो जास्त वाईट आहे. उद्या तुमच्या तासाला मी येऊन बसतो. तुम्ही कसे आणि किती वेगाने शिकवता ते मला पाहू द्या. शुक्रवारी मंडळापुढे मला काहीतरी सांगायचं आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही हे सांगायची गरज नाही. मी मनाशी ठरवलं होतं की उद्या भरभर पुढे पळायचं. एका तासात एक प्रकरण. फळ्यावर मुद्दे, मुलांनी उतरवून घ्यायचे, पुढे. इतर लोक तसंच शिकवतात आणि त्यांची मुलं पासही होतात.

मंगळवारी प्राचार्य दाराजवळच्या बाकावर बसले. मुलं नेहमीसारखी गोल बसली, पण आज शाळेत साहेब आल्यावर बसावं तशी ताठ. मी फळ्यावर लिहिलं:

पाऊस पडला तर अंगण ओलं होतं.
अंगण ओलं आहे.
म्हणून पाऊस पडला.

"हे अनुमान सदोष आहे," मी म्हणालो, आणि कारण सांगितलं. अंगण दुसऱ्या कशानेही ओलं होऊ शकतं. भागीरथा म्हणाली, "सडा टाकला असंल." बरोबर, मी म्हणालो. लालसूने गोंडीत सांगितलं, तिथे कोणीतरी गुरांचं काही बोललं आणि पोरं हसली. पोचूने तेलुगूत सांगितलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मलाच धीर आला.

"समजलं?"

"समजलं," सगळे म्हणाले. आणि मुखरूही म्हणाला, "समजलं, सर."

मुखरू कधी एवढ्या लवकर म्हणत नसे. कुरखेड्याकडचा, काळाभोर, हात शेतात राबून रापलेले. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. दाराकडे, प्राचार्यांकडे पाहत होता. मला कळलं की ही सगळी काल रात्री पुन्हा बसली असणार आणि त्याला कोणीतरी सांगितलं असणार. किंवा कोणी सांगायची गरजही पडली नसेल.

मी खडू हातात धरून उभा राहिलो. पुढचं प्रकरण तोंडपाठ होतं. फळा पुसायचा आणि सुरू करायचं, एवढंच काम. प्राचार्यांनी घड्याळ काढून पाहिलं. ते मला घाई करत नव्हते, सवयीने पाहिलं असेल.

"मुखरू," मी म्हणालो, "तुझ्या शब्दांत सांग."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "नाई समजलं, सर. पन तुमी पुढं जा. आमी मंग पाहू."

"काय नाही समजलं?"

त्याने पुन्हा दाराकडे पाहिलं. मग एकदम बोलून टाकलं, "तुमी म्हनता हे चूक आहे. पन सर, पाऊस खरंच पडला असला तं?"

कोणीतरी हसलं. मी नाही हसलो, कारण हा प्रश्न मी पुस्तकात वाचला होता तेव्हा मलाही दोन दिवस लागले होते. मी फळा पुसला नाही. मुखरूजवळ जाऊन बसलो, आणि प्राचार्य खोलीत आहेत हे माझ्या ध्यानात राहिलं नाही असं मी म्हणणार नाही. ते माझ्या पाठीला सारखं टोचत होतं. मी म्हणालो, "पडला असेल. असं धर की पडलाच आहे. पण तू घरात होतास, पाहिलं नाहीस. तू फक्त अंगण पाहिलंस. मग तुला काय माहीत आहे आणि काय तू नुसतं धरून चालला आहेस?"

तो विचार करू लागला. लालसू मध्येच गोंडीत काही म्हणाला. भागीरथा म्हणाली, "थांब, त्याले बोलू दे." पोचूचं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते चूक होतं, आणि ते सोडवण्यात आणखी वेळ गेला. तासाची घंटा झाली तेव्हा फळ्यावर तीच तीन वाक्यं होती.

प्राचार्य उठून बाहेर व्हरांड्यात गेले. मी त्यांच्या मागे गेलो.

"आज किती पानं झाली?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, सर."

"परीक्षेपर्यंत पुस्तक संपेल?"

"नाही."

"मग मुलं पास कशी होणार?"

"मला माहीत नाही, सर. जेवढं आलं आहे तेवढ्यावर होतील असं वाटतं. होतीलच असं मला म्हणता येत नाही."

ते जिनिंगच्या जुन्या धुराड्याकडे पाहत उभे राहिले. "हंगामी माणसाला मी कायम करतो तेव्हा मला कारण द्यावं लागतं," ते म्हणाले. "निकाल हे कारण असतं. हे आत चाललंय ते मंडळाला मी कोणत्या शब्दांत सांगू?" मग, मला नव्हे तर स्वतःलाच सांगावं तसं, "अंगण ओलं आहे म्हणून मी शनिवारी तुम्हाला बोलावलं होतं."

ते माझ्याकडे वळले.

"शुक्रवारी मी आणखी एक वर्ष हंगामीच ठेवा असं सुचवणार आहे. एप्रिलच्या परीक्षेचा निकाल पाहून पुढचं. यापेक्षा जास्त मला करता येत नाही. शालीचं गुणवंतराव पाहतील, ती मुलांची गोष्ट आहे. पण कोत्तावारांना आधी तुम्ही स्वतः जाऊन भेटा. आजच."

"हो, सर."

म्हणजे नोकरी गेली नव्हती, आणि राहिलीही नव्हती. सुगंधाला हे कसं सांगावं याचा मी विचार करू लागलो. एप्रिलची परीक्षा, मग निकालाचा जून, तोपर्यंत हे असंच टांगलेलं. कोत्तावार सरांसमोर काय बोलायचं तेही मला सुचत नव्हतं.

पुढचा तास मोकळा होता. मी आत डोकावलो. कोणी उठलं नव्हतं. मुखरू फळ्यासमोर उभा होता आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत होते.

"आता सांगू का, सर?" त्याने विचारलं.

"सांग."

त्याने सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत अगदी बरोबर आला, आणि मग चुकला. मी दार लोटून घेतलं आणि आत जाऊन बसलो.